केडगाव ते केडगाव, आणि वाटेतल्या चार हाका

शाळेत मला 'बाई' म्हणतात, मंडळीत, म्हणजे चर्चच्या उपासकांत, 'पाळकबाई', समारंभात 'प्रमुख पाहुण्या' आणि संस्थांच्या ऑफिसात 'मॅडम'. वीस वर्षं अध्यापक विद्यालयात शिकवलं. मधेच थिऑलॉजी केली, दीक्षा घेतली. बोलता येतं म्हणून लोक भाषणाला बोलवायला लागले. भाषणानंतरच्या चहाला कुणीतरी हमखास म्हणायचं, "आमच्या संस्थेचं जरा बघता का?" असं करता करता सल्लागारीही गळ्यात पडली. एरवी ही कामं वेगवेगळ्या महिन्यांत येतात. या जानेवारीत मात्र चारही एकाच दौऱ्यात आली, तीही एकाच जिल्ह्यात. शनिवारी शिक्षकांची कार्यशाळा, रविवारी एका मंडळीत संदेश, म्हणजे उपासनेतलं प्रवचन, सोमवारी २६ जानेवारीचं भाषण आणि मंगळवारी एका जुन्या संस्थेच्या विश्वस्तांची बैठक. शुक्रवार तेवढा माझा होता.

शुक्रवार : केडगाव, दौंड तालुका

पुण्याहून दौंडकडे जाणारी सकाळची गाडी पकडली. सव्वा-दीड तासात केडगाव. दारातली जागा थंडीत घेऊ नका. हडपसर सुटलं की वारा कान कापतो आणि मांजरीच्या पुढे धुक्यात फक्त उसाचे तुरे दिसतात.

केडगावला पंडिता रमाबाईंचं मुक्ती मिशन बघायचं होतं. लहानपणी आईबरोबर एकदा आले होते, तेव्हाचं फक्त मोठं चर्च आणि चिंचेची झाडं आठवत होती. इथे आजही स्त्रिया आणि मुलं राहतात, त्यामुळे आधी फोन करून परवानगी घ्या आणि मोबाईल पिशवीतच ठेवा. ते त्यांचं घर आहे, पर्यटनस्थळ नाही.

मला पंडिता रमाबाईंकडे यायचं होतं त्याचं एक खासगी कारण आहे. 'एक काहीतरी धड करा' हा सल्ला मी इतक्यांदा ऐकलाय, की ज्या बाईनं सगळंच केलं तिच्या अंगणात जरा बसावंसं वाटलं. १८७८ साली कलकत्त्याच्या पंडितांनी 'पंडिता' आणि 'सरस्वती' म्हटलं ते त्यांच्या संस्कृतमुळे आणि वक्तृत्वामुळे. १८८२ मध्ये पुण्यात आर्य महिला समाज काढला. इंग्लंडमध्ये चेल्टनमच्या कॉलेजात शिकवलं. आनंदीबाई जोशींच्या पदवीदानासाठी १८८६ मध्ये अमेरिकेला गेल्या आणि पुढची दोन वर्षं गावोगाव व्याख्यानं देत शाळेसाठी पैसा उभा केला. बोस्टनला 'रमाबाई असोसिएशन' स्थापन झाली, तिनं दहा वर्षांचा खर्च उचलायचं कबूल केलं, आणि ११ मार्च १८८९ ला मुंबईत शारदा सदन उघडलं. पुढच्याच वर्षी ते पुण्याला आलं. आजच्या भाषेत सांगायचं तर निधी, करारनामा, सल्लागार समिती, सगळं रीतसर होतं.

आणि तिथेच अडलं. सदनात धर्मशिक्षण द्यायचं नाही असं ठरलेलं. रमाबाई स्वतः ख्रिस्ती. त्या रोज प्रार्थना करायच्या आणि दार उघडं ठेवायच्या. ज्या मुलींना यावंसं वाटे त्या येऊन बसायच्या. बाहेर गहजब झाला आणि १८९३ मध्ये रानडे, भांडारकर यांच्यासारखी माणसं सल्लागार मंडळातून बाहेर पडली. मला दोन्ही बाजू पटतात, हीच पंचाईत. दार लावून प्रार्थना केली असती तर त्या रमाबाई राहिल्या नसत्या. आणि दार उघडं राहिल्यावर 'मी इथे फक्त शिक्षिका आहे' हे कुणाला खरं वाटणार?

केडगावचं काम त्यानंतरचं. १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून त्यांनी शेकडो मुली आणल्या, त्यांना इथे वसवलं, शेती, विणकाम, छपाई शिकवली. स्वतः हिब्रू आणि ग्रीक शिकून बायबलचं सोप्या मराठीत भाषांतर केलं आणि ते इथल्याच छापखान्यात, इथल्याच बायकांच्या हातून छापलं. १९२२ च्या एप्रिलमध्ये त्या गेल्या. पूर्ण बायबल बाहेर पडलं ते १९२४ मध्ये. त्या छपाईतलं एक पान मी बराच वेळ वाचत बसले. जड संस्कृत शब्द शोधून सापडत नाही, आणि ते भाषांतर पंडिता पदवी मिळवलेल्या बाईचं.

दुपारी दोनला मला न्यायला गाडी येणार होती. सव्वादोनला फोन वाजला.

"ताई, मी केडगावात उभा आहे. तुम्ही दिसत नाही."

"मी पण केडगावातच उभी आहे दादा."

"देवीच्या मंदिरापाशी या की मग."

"इथे कुठलं देवीचं मंदिर?"

तर, केडगावं दोन आहेत. एक दौंड तालुक्यातलं, मुक्तीचं. दुसरं नगर शहराला लागून, रेणुकामातेचं. बोलावणाऱ्यांनी ड्रायव्हरदादांना नुसतं 'केडगाव' सांगितलं होतं आणि त्यांनी घरापासून पाच मिनिटांवर गाडी लावून माझी वाट बघितली. दादा खजील होऊन निघाले. मला अडीच तास मोकळे मिळाले. तुम्ही जाणार असाल तर तालुक्यासकट पत्ता द्या.

ते अडीच तास एका गुऱ्हाळात गेले. या भागात गुऱ्हाळं पुष्कळ. कढईतून साचाकडे जाणारा रस, मळीचा आंबूस वास आणि हातावर ठेवलेला गरम गुळाचा गोळा. तिथल्या मावशींनी वर-खाली बघून विचारलं, "कुठल्या शाळेत हाय बाई?" कुठेही जा, मी आधी शाळामास्तरीणच दिसते. मी बोटं चाटत होते, तरीही.

चौफुला, न्हावरा, शिरूर करत नगरला पोचायला रात्र झाली. गळिताच्या हंगामात या रस्त्यांवर दोन-दोन ट्रेलर जोडलेले उसाचे ट्रॅक्टर असतात आणि मागे दिवा नसतो. अंधार पडायच्या आत पोचा. नगरमध्ये शिरताना दादांनी गाडी हळू केली, उजवीकडे बोट दाखवलं आणि कसनुसं हसले. "हे बघा ताई, माझं केडगाव."

शनिवार : नगर

शहराचं नाव आता अहिल्यानगर. एसटीच्या पाटीवर तेच आहे, पण कंडक्टर अजून 'नगर, नगर' असंच ओरडतो. मीही सवयीनं तेच लिहिते आहे.

शिकवणाऱ्या बायांसाठी हे गाव महत्त्वाचं. सिंथिया फरार नावाची अमेरिकन शिक्षिका १८२७ साली मुंबईत उतरली, १८३९ मध्ये नगरला आली आणि १८६२ मध्ये इथेच वारली. सावित्रीबाई फुल्यांनी अध्यापनाचं प्रशिक्षण घेतलं ते फरारबाईंच्या संस्थेत. कार्यशाळेची सुरुवात मी नेहमी यावरून करते. कारण शनिवारी सुट्टी मोडून आलेल्या शिक्षकांना 'शिक्षण म्हणजे काय' यात काडीचा रस नसतो, पण आपण ज्या गावात बसलोय तिथे सावित्रीबाई विद्यार्थिनी म्हणून बसल्या होत्या म्हटल्यावर माना वर होतात.

बेचाळीस शिक्षक होते. त्यातले निम्मे मागच्या दोन बाकांवर. मी खुर्ची उचलून मागेच जाऊन बसले. हे कुणी शिकवलेलं नाही, अनुभवानं आलंय. मागचे बाक आपोआप पुढचे होतात.

विषय होता वर्गात प्रश्न विचारणं. शिक्षक प्रश्न विचारून सरासरी सेकंदभरच थांबतो आणि मग स्वतःच उत्तर देतो. तेच तीन सेकंद थांबलं तर मुलांची उत्तरं लांब होतात आणि गप्प बसणारी मुलंही बोलतात, हे मेरी बड रो या अमेरिकन संशोधिकेनं दाखवून दिलंय. ऐकायला सोपं आहे. करून बघा. आम्ही जोड्या करून केलं. तीन सेकंद ही किती लांब गोष्ट आहे ते तेव्हा कळतं. एक जण घसा खाकरला, एकीनं पदर सावरला, एका सरांनी घड्याळ बघितलं.

शेवटी एक तरुण शिक्षक उठून म्हणाले, "बाई, आमच्या वर्गात तीन सेकंद शांतता झाली तर हेडमास्तर बघायला येतात, काय झालं म्हणून." हेडमास्तर तिथेच होते. सगळ्यात मोठ्यानं तेच हसले.

संध्याकाळी त्यांच्याच शेतावर हुरडा. जानेवारीत इकडे येणार असाल तर कुणाच्या तरी शेतावर ओळख काढाच. आगटीतून काढलेलं कणीस तळहातावर चोळायचं, फुंकर मारायची आणि शेंगदाण्याच्या चटणीबरोबर तोंडात टाकायचं. आगीपाशी बसल्यावर शिक्षक खरं बोलायला लागले. कोण किती वर्षं विनाअनुदानित आहे, कुणाचा पगार किती महिने झाला नाही. दिवसभराच्या कार्यशाळेत यातलं एक अक्षर आलं नव्हतं.

रविवार : वडाळा आणि नेवासा

नगरहून छत्रपती संभाजीनगरच्या रस्त्यानं तास-सव्वा तासावर वडाळा बहिरोबा. अमेरिकन मराठी मिशनचं हे जुनं ठाणं. इथे राहिलेले सॅम्युएल फेअरबँक हे मिशनरी पक्ष्यांचे दर्दी होते. दक्षिणेत पळणीच्या डोंगरात आढळणाऱ्या एका पक्ष्याचं शास्त्रीय नाव त्यांच्यावरून पडलंय, माँटेसिंक्ला फेअरबँकी. संदेश देऊन उरलेल्या वेळात पक्षी बघणारा पाळक मला फार जवळचा वाटतो.

माझी उपासना वडाळ्यात नव्हती, तिथून आतल्या एका वाडीतल्या लहानशा मंडळीत होती. साठेक माणसं, पुढे चटईवर मुलं. पेटी, ढोलकी, टाळ. 'सलाम, पाळकबाई' म्हणत प्रत्येकानं हात हातात घेतला. नगर जिल्ह्यातली ख्रिस्ती मंडळी अभंग-ओव्यांत गाते, त्यात नारायण वामन टिळकांचा हात मोठा. तेही शिक्षक, पाळक, कीर्तनकार आणि 'ज्ञानोदय' या ख्रिस्ती नियतकालिकाच्या मराठी भागाचे संपादक. आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्तापाशी आलो, असं ते म्हणत.

पुढे मुलं बसलेली असली की मी जक्कयाची गोष्ट घेते. बुटका जकातदार, गर्दीत काही दिसेना म्हणून उंबरावर चढलेला. येशू खालून हाक मारतो आणि त्याच्या घरी मुक्कामाला जातो. मग जक्कय सांगतो की ज्याचं खोटेपणानं घेतलंय त्याला चौपट परत देईन. मुलांना झाडाचा भाग आवडतो. मोठ्यांना कुठला भाग लागतो ते आपल्याला कळत नाही.

उपासनेनंतर व्हरांड्यात पंगत मांडत होते तेव्हा पन्नाशीचे एक गृहस्थ जवळ आले. बाजूला घेऊन म्हणाले, "पाळकबाई, तुम्हाला कुणी सांगितलं?"

मी गोंधळले. मग उलगडलं. मंगळवारी ज्या संस्थेत मी जाणार होते तिथले ते हिशेबनीस. संदेश आपल्यालाच उद्देशून होता असं त्यांना वाटलं. (हे सगळं त्यांना विचारून आणि काही तपशील बदलून लिहिते आहे.) वसतिगृहाच्या छपरासाठी एका कुटुंबानं देणगी दिली होती. करोनाच्या काळात पैसा आटला तेव्हा त्यातून स्वयंपाकिणींचे आणि रखवालदाराचे पगार दिले गेले. तेव्हाच्या अध्यक्षांनी तोंडी 'द्या' म्हटलं, ठराव झाला नाही, आणि अध्यक्ष वर्षभरात वारले. स्वतःसाठी एक रुपया घेतला नव्हता, पण छप्पर तसंच गळतंय आणि कागद काहीच नाही. "पाळक म्हणून सांगतोय," ते म्हणाले. "कुणाला सांगू नका."

मी 'नाही सांगणार' म्हटलं. दुसरं काय म्हणणार? आमच्याकडे कॅथलिकांसारखी पापनिवेदनाची वेगळी जागा नसते, पण व्हरांड्याच्या कोपऱ्यात सांगितलेलं कोपऱ्यातच राहतं. अडचण अशी की मंगळवारच्या बैठकीसाठी मुद्द्यांची यादी मी दहा दिवस आधीच पाठवली होती, आणि तिच्यात चौथा मुद्दा होता : विशिष्ट कारणासाठी आलेल्या देणग्या आणि त्यांचा विनियोग. तो मी प्रत्येक संस्थेत विचारते. आता विचारला तर या माणसाला वाटणार, बाईंनी विश्वासघात केला. गाळला तर ज्यांनी मला 'मॅडम' म्हणून बोलावलं त्यांची मी फसवणूक करणार.

भाकरी, वांग्याची भाजी, खर्डा आणि गुळवणी. ताट फार छान होतं. मला चव लागली नाही.

परतताना ड्रायव्हरदादा म्हणाले, "ताई, इतक्या जवळ आलोय तर नेवाशाला माउलींचा खांब बघून जाऊ." दादा वारकरी. प्रवरेच्या काठी, मंदिराच्या आत, तो दगडी पैस उभा आहे. शके १२१२, म्हणजे १२९० साली, त्याला टेकून ज्ञानेश्वरांनी गीतेवरची टीका सांगितली आणि सच्चिदानंदबाबांनी ती लिहून घेतली. मी व्यासपीठं खूप बघितली आहेत, पण पाठ टेकायला एक दगड आणि समोर एक लिहून घेणारा, एवढ्यावर झालेलं काम दुसरं बघितलेलं नाही. दादांनी डोकं टेकवलं. मी हात जोडून उभी राहिले. तिथल्या एका आजींनी मला बुक्का लावला आणि मी तो पुसला नाही. दादा आरशातून दोनदा बघून घेत होते.

इथे दुपारी जा, गर्दी कमी असते. शनिशिंगणापूरचा फाटा घोडेगावला लागतो. शनिवार-अमावस्येला तो रस्ता टाळलेला बरा.

सोमवार : झेंडा आणि हिवरे बाजार

सकाळी साडेसातला झेंडावंदन. थंडीत अर्ध्या बाह्यांच्या गणवेशात मुलं कुडकुडत होती. मला वीस मिनिटं बोलायला सांगितलं होतं, मी सहा मिनिटांत उरकलं. टाळ्या मनापासून पडल्या. शाल, श्रीफळ, पुष्पगुच्छ. माझ्याकडे आता इतक्या शाली आहेत की मी त्या वसतिगृहांना देते. बोलावणाऱ्यांना एक विनंती : शालीऐवजी प्रवासखर्च वेळेवर द्या. नवीन वक्त्यांना एक सल्ला : मानधनाचं आधी बोला. भाषणानंतर पाकिटाकडे बघत बसण्याइतकं अवघड काही नाही.

दुपार मोकळी होती म्हणून हिवरे बाजारला गेले. नगरपासून जवळच. पोपटराव पवार १९८९ मध्ये सरपंच झाले तेव्हापासूनची कथा बऱ्याच जणांना माहीत आहे : पाणलोटाची कामं, शेतीसाठी बोअर घ्यायला बंदी, ऊस-केळीला नकार. मला बघायचा होता पाण्याचा ताळेबंद. दरवर्षी पाऊस किती पडला, प्यायला किती, गुरांना किती, मग कुठलं पीक घ्यायचं, हे ग्रामसभेत सगळ्यांसमोर मांडतात. संस्थांच्या ऑफिसात जो ताळेबंद कपाटात कुलपात असतो तो इथे गावाला तोंडपाठ.

रात्री हिशेबनीसकाकांना फोन केला. म्हटलं, "चौथा मुद्दा यादीत दहा दिवसांपासून आहे, तुम्हीच प्रिंट काढलीय. तुम्ही मला सांगितलेलं मी बोलणार नाही. पण मुद्दा मी विचारणार. आधी अध्यक्षांना भेटायचं असेल तर सकाळी वेळ आहे."

पलीकडे बराच वेळ काही ऐकू आलं नाही. मग फोन ठेवल्याचा आवाज.

मंगळवार : बैठक

सात विश्वस्तांपैकी पाच हजर. पहिले तीन मुद्दे नेहमीचेच. परिशिष्ट एकवरच्या, म्हणजे धर्मादाय कार्यालयातल्या नोंदीतल्या, दोन विश्वस्तांना वारून काही वर्षं झालेली, आणि बदल अर्ज भरलेलाच नाही. असं असेल तर एक गोष्ट लक्षात ठेवा : विश्वस्तांमध्ये बदल झाला की धर्मादाय कार्यालयात ९० दिवसांत बदल अर्ज द्यायचा असतो. उशीर झाला तर विलंब माफीच्या अर्जासह द्या, पण द्या. निम्म्या संस्थांची भांडणं इथूनच सुरू होतात.

मग चौथा मुद्दा. मी वाचला आणि थांबले. एक, दोन, तीन. शनिवारी मीच शिकवलेलं. पंखा बंद होता, बाहेर वसतिगृहातली मुलं भांडी घासत होती त्याचा आवाज येत होता.

काका उभे राहिले. पाणी प्यायले. सगळं सांगितलं, रकमेसकट, तारखांसकट.

कुणीच दचकलं नाही. सगळ्यात ज्येष्ठ विश्वस्त, ऐंशी ओलांडलेल्या निवृत्त मुख्याध्यापिका, चष्मा पुसत म्हणाल्या, "अरे, ठाऊक आहे आम्हाला. स्वयंपाकिणींनीच सांगितलं होतं तेव्हा."

"मग मला कुणी बोलला का नाहीत?"

"तू सांगशील म्हणून थांबलो."

काका खाली बसले. मला हसावं की चिडावं कळेना. पाच वर्षं एका माणसाला झोप नाही आणि टेबलाभोवती सगळ्यांना माहीत!

एकानं लगेच उपाय काढला, "मागच्या तारखेचा ठराव घालून टाकू." हे मी प्रत्येक जिल्ह्यात ऐकलंय, आणि दर वेळी याच एका गोष्टीवर आवाज चढवते. ठराव आजच्या तारखेचाच. काय घडलं, का घडलं, कुणाच्या तोंडी सांगण्यावरून, ते जसंच्या तसं इतिवृत्तात. लेखापरीक्षकांना आजच कळवायचं. देणगीदार कुटुंबाला पत्र आणि पत्राआधी भेट. भेटीला मुख्याध्यापिकाबाई स्वतः जाणार म्हणाल्या. छपरासाठी काय करायचं यावर तासभर वाद झाला, आणि तो चांगला झाला.

मी माझ्याकडून एक सांगितलं : पुढच्या वेळी मी येईन तेव्हा कुठल्या कामासाठी येतेय ते आधी लेखी देईन, आणि त्याच आठवड्यात त्याच लोकांच्या मंडळीत संदेश घेणार नाही. हे खरं तर मला शुक्रवारीच, केडगावच्या अंगणात सुचायला हवं होतं.

चहानंतर काका इतिवृत्त लिहायला बसले. अक्षर मोत्यासारखं. उपस्थितांच्या यादीत माझ्या नावाशी येऊन थांबले.

"पुढे काय लिहू? पाळक, बाई, का सल्लागार?"

"तुम्हाला काय वाटतं?"

त्यांनी जरा विचार केला आणि 'विशेष निमंत्रित' असं लिहून वही सहीसाठी माझ्याकडे सरकवली.

साडेचारची एसटी निघून गेली होती. पाचची मिळाली, खिडकीजवळची जागा होती, काच बंद होत नव्हती. सोमवारची शाल पिशवीतच होती, ती काढून कानाला गुंडाळली.